प्रभाकरदादाच्या ग्लासात व्होडका ओतणाऱ्याला

दारू सोडलेल्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो,

हळदीत, लग्नात, बारशात "घे रे, एकाने काय होतंय" म्हणणारा माणूस आपल्यातल्या प्रत्येकाला भेटला आहे.

एकाने काय होतं ते ऐका.

आज सकाळी प्रभाकरदादाचा दहावा झाला.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सांडोरचा बागायतदार. केळी आणि भाजी. सकाळी माल बाजारात टाकायचा आणि तीच स्कूटर घेऊन कुणातरी नव्या माणसाच्या दारात जायचा. ज्याने काल सोडली आहे, ज्याचे हात थरथरतायत, ज्याच्या बायकोचा अजून विश्वास बसलेला नाही, अशा माणसाजवळ नुसता बसायचा.

डॉक्टर नव्हता, समुपदेशक नव्हता. स्वतः त्यातून गेला होता, एवढीच डिग्री.

अकरा वर्षं थेंब नाही.

मला भेटला तेव्हा माझे हात हलत होते आणि तोंड चालू होतं. सभा गाजवणारा माणूस मी. समाज, व्यवस्था, बाप, सगळ्यांना आरोपी करून झालं.

त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"भाषण झकास. आज प्यायलास?"

"नाही."

"मग एवढंच सांगायचं ना. माझी उरलेली भाजी सुकली."

आणि खिशातून सुकेळी काढून दिली. घरच्या राजेळी केळ्याची, उन्हात वाळवलेली. "तलफ आली की चावत बस. संपली आणि तलफ राहिली, तर मला फोन कर."

आचोळ्याचा एक रिक्षावाला त्याला म्हणाला होता, "दादा, मेरा कुछ नहीं होनेवाला, तुम टाइम खोटी मत करो."

दादा त्याच्या रिक्षात मागे जाऊन बसला. "चल. प्यावंसं वाटेल तिथे थांबव."

दोघं भर दुपारी दोन तास फिरले. रिक्षा कुठेच थांबली नाही. आज तो रिक्षावाला स्वतः नव्या माणसांकडे जातो.

असा माणूस.

आता त्या हळदीबद्दल.

दादाच्या पुतणीची हळद. अंगणात मांडव, डीजे, उकाडा. दादा नाचून घामाघूम. त्याला लिंबूसोडा आणून दिला तो गावातल्या मंडळाच्या अध्यक्षाने. त्याला सगळे शेठ म्हणतात, मीही तेच म्हणतो. नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे.

सोड्यात व्होडका होती.

हे मला कसं कळलं? शेठच्या माणसांनीच व्हिडिओ काढला. दादा मोठा घोट घेतो. थांबतो. ग्लासाकडे बघतो. ग्लास खाली ठेवून मोरीच्या नळाकडे धावतो, चूळ भरतो, परत परत भरतो. मागून हसण्याचा आवाज. शेठ म्हणतो, "सुटला रे दादाचा उपवास."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर होता. हसणाऱ्या इमोजी-तोंडांची रांग होती त्याच्याखाली.

शेठ, ती तोंडं मी मोजलेली नाहीत. पण कुणाकुणाची ते वाचलं आहे. एकेक.

आता दुसऱ्या आरोपीचं नाव लिहितो, कारण ते लिहायला मला कुणाची भीती नाही.

ते माझं आहे.

हळदीनंतरच्या रविवारी माणिकपूरला, शाळेच्या ज्या खोलीत आमची मीटिंग भरते तिथे, दादा सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. मला म्हणाला, "न कळत गेलेला घोट मोजायचा का रे?"

तो उत्तर विचारत नव्हता. "नाही" ऐकायला आला होता.

आणि मी भाषण केलं. प्रामाणिकपणावर. नियम सगळ्यांना सारखा यावर. "दादा, हे तूच शिकवलंस. घोट तो घोट."

त्याने मान हलवली. उठला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला. आमच्याकडे तिथे नवे लोक बसतात.

"मी प्रभाकर. आज माझा पहिला दिवस."

खोलीत कुणी कुणाकडे बघितलं नाही.

नंतर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या माणसाने मला विचारलं, "फसवून पाजलेली कोण मोजतं? तुला हे कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. मला नियम पाठ होता, माणूस वाचता आला नाही.

दादा पुढच्या मीटिंगला आला नाही. फोन उचलला नाही. मी घरी गेलो तर वहिनी दारातच म्हणाल्या, "अकरा वर्षं गेलीच आहेत तर आता काय राखायचं, म्हणतात. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?"

मी दारातूनच परत फिरलो.

सहा आठवडे पीत राहिला. रक्ताची उलटी, हॉस्पिटल, आणि संपलं.

स्मशानात शेठ रुमाल घेऊन उभा होता. बाजूच्याला म्हणाला, "बेवडा शेवटी बेवडाच." मी दोन हातांवर होतो.

दादा नेहमी सांगायचा, राग धरू नका, आपल्याला तो परवडत नाही. रागाच्या मागून बाटली येते.

दादा, तुझं बाकी सगळं ऐकलं. हे ऐकणार नाही. राग धरणार आहे, आणि न पिता धरणार आहे. शेठ जिथे जिथे हार घालून घेईल तिथे तिथे मी हा व्हिडिओ घेऊन उभा असेन. माझ्या चुकीसाठी वहिनींसमोर मान खाली घातली आहे, जन्मभर घालीन. त्याने अजून एकदाही घातलेली नाही.

आता ऐका. या रविवारी संध्याकाळी पाच वाजता मंडळाने दादाची शोकसभा ठेवली आहे. प्रमुख वक्ता शेठ.

मारामारी नको. शिवी नको. घोषणाही नको.

दादा, निघतोस तर नीट जा. तुझी माणसं आम्ही सांभाळू.

आणि तुम्ही सगळे, रविवारी या, पुढच्या खुर्च्यांवर बसा. शेठने माइक हातात घेतला की उठा आणि बाहेर चला.