अण्णांनी दोन दाबलं

“अण्णा, दोन कशाला दाबलंत? एक दाबायचं होतं!”

“कॉम्प्युटर दोन आहेत, म्हणून दोन दाबलं.”

“अर्धा तास आकडे वाचून दाखवले मी त्या बाईला!”

“ती बाई नाही, यंत्र आहे,” अण्णा म्हणाले. “आणि यंत्राशीसुद्धा खोटं बोलू नये.”

सुनेने कपाळावर हात मारला. ती घरी बसून वकिलांचे कागद टाइप करून देत असे. जुना कॉम्प्युटर दर पानाला मान टाकायला लागला म्हणून नवा आणला होता, तोही कोरा, कारण ऑपरेटिंग सिस्टीमचं लायसन्स घरात होतंच. अण्णांनी ते स्वतःच्या नावावर घेऊन खोक्यासकट जपलेलं. नव्यावर ते चालू करायला कंपनीला फोन लावला. सगळं जुळलं, आणि शेवटी फोनमधल्या आवाजाने विचारलं, ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे? अण्णांनी मान वळवून पाहिलं. जुन्यावर त्यांची बायको पत्ते खेळत होती. लायसन्स एकाच कॉम्प्युटरपुरतं, त्यामुळे दोन दाबताच त्या आवाजाने नकार दिला आणि फोन बंद झाला.

अण्णा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्तीला नऊ वर्षं झाली तरी ते लांबून दिसले की भाजीवाल्यांची बोटं तागडीपासून दूर होत. मुलगा जन्मला तेव्हा त्याचं वजन त्यांना पटेना. त्यांनी दवाखान्याचाच काटा तपासायला लावला. तो वीस ग्रॅमनी खोटा निघाला. तेव्हापासून घरात त्यांच्याशी कोणी वाद घालून जिंकलं नव्हतं.

“कोण बघायला येणार आहे, अण्णा?” मुलगा म्हणाला.

“दुकानदारही हेच म्हणायचे.”

“मग जुन्यावरचं पुसून टाका!” सून रडकुंडीला आली. “माझ्या फायली मी काढून घेतल्यात. उद्या दहाला साठ पानं दिली नाहीत तर वकीलबाई दुसरीकडे जातील.”

“पुसू की,” अण्णा म्हणाले, आणि तिथेच अडले. जुन्यावरचं पुसलं की पत्तेही जाणार. बायको ओळीने एकतीस डाव जिंकली होती.

“तूच सांग तिला,” ते सुनेच्या कानाशी पुटपुटले.

“मी का? लायसन्स तुमच्या नावावर आहे.”

“मी इथेच बसलेय,” पडद्यावरची नजर न हलवता बायको म्हणाली. “अजून कान शाबूत आहेत माझे. पाहिलंस ना, खोटं बोलणार नाहीत आणि खरं बोलायची छाती नाही!”

तिने शेवटचा राजा जागेवर नेऊन बसवला. बत्तिसावा डाव. मग गुडघ्यांवर हात रोवून उठली.

“पुसा हे. झालं की पुन्हा फोन लावा आणि एक दाबा. सूनबाई, उद्या दहापर्यंत तुझं काम आटप. त्यानंतर नव्यावर पत्ते घालून दे. रोज दोन ते चार तिथे मी बसणार.”