तिसऱ्या दिवसाचे दाणे

माझ्या साडूंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होतेच. होते म्हणण्यापेक्षा, ती गोष्टच शेवटी कंटाळते आणि एकदाची होऊन जाते, असं म्हणणं जास्त खरं. राहुरीला स्टँडच्या बरंच पुढे, सडकेला लागून त्यांचं घर होतं. एसटी आपल्या दारात थांबली पाहिजे, असं एका सकाळी त्यांच्या मनात आलं. त्या दिवसापासून नगरकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीला ते रोज हात करू लागले. ड्रायव्हर रोज पुढे निघून जाई. साडू रोज तितक्याच शांतपणे हात खाली घेत आणि आंघोळीला जात. उन्हाळा गेला, पावसाळा आला, हे छत्री घेऊन हात करू लागले. शेवटी एका ड्रायव्हरला राहवलं नाही. त्यानं करकचून ब्रेक दाबला आणि विचारलं, "कुठं जायचंय हो तुम्हाला रोज?" साडू म्हणाले, "कुठंच नाही. थांबते का ते बघत होतो." पुढे ती गाडी तिथं थांबू लागली ती कायमचीच. स्वतः साडू मात्र आयुष्यभर सायकलनं फिरले.

अशा माणसाला सरकारनं उंदीर मारायचं काम दिलं होतं. शेतीखात्यात होते ते, आणि गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना उंदरांचा बंदोबस्त शिकवणं ही त्यांची नोकरी. सायकलला पत्र्याचा डबा, डब्यात काळं औषध, आणि तोंडात एकच भाषण. चावडीपुढे उभे राहिले की म्हणायचे, "मंडळी, उंदीर आपल्यापेक्षा हुशार आहे. नवीन वस्तूला तो तोंड लावत नाही. म्हणून आधी त्याचा विश्वास कमवायचा. पहिल्या दिवशी बिळापाशी नुसता ज्वारीचा भरडा, थोडं गोडेतेल लावून. दुसऱ्या दिवशी पुन्हा नुसता भरडा. तो येतो, खातो, त्याला वाटतं घर चांगलं आहे. मग तिसऱ्या दिवशी औषध." हे 'तिसऱ्या दिवशी' ते असं काही टाळी वाजवून म्हणत की पुढे बसलेली म्हातारी माणसं दचकत. पंचक्रोशीत त्यांना उंदीरसायेब म्हणत. आमच्या बायकोला या नावाची फार लाज वाटे, कारण सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. साडूंना मात्र त्यात कलेक्टर म्हटल्याचं सुख होतं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळू लागली, तिच्या भाकरीचा घास तोंडात फिरे पण आत जाईना. अशात धान्य वाचवायचं म्हणून खात्यानं साडूंना आणखी जोरात पिटाळलं. एका गावात पारावरचा म्हातारा त्यांना म्हणाला, "सायेब, घरात दानाच न्हाई, तर उंदीर कशाला ऱ्हातील? ते बी गेले दुष्काळी कामावर खडी फोडाया." साडूंनी त्यालाही तिन्ही दिवसांचं भाषण पूर्ण ऐकवलंच.

त्याच सुमारास आमचा धाकटा मेव्हणा पुण्याहून आला. तो तिथं एका प्रयोगशाळेत जनावरांच्या पिंजऱ्यांची देखभाल करायचा. त्यानं पिशवीतून बिस्किटांचा भोकं पाडलेला डबा काढला आणि डब्यातून एक जीव काढला. अंगठ्यापेक्षा थोडा मोठा, राखाडी, पाठीवरून काळी रेघ गेलेली, डोळे मोहरीएवढे आणि शेपटीच्या जागी नुसती खूण. आता हौशी लोक दुकानातून असले प्राणी आणतात, त्यांना ड्वार्फ हॅमस्टर म्हणतात. आम्हाला तेव्हा तो उंदीरच दिसला. प्रयोग संपला होता, उरलेले सगळे संपवणार होते, म्हणून मेव्हण्यानं हा एक खिशात घालून बाहेर काढला होता.

"दाजी, आठ दिवस सांभाळा," तो म्हणाला. "पुढं मी बघतो. तसा जगायचा नाही म्हणा तो. नाजूक जात. दीड-दोन वर्षांचं आयुष्य, ते बी तिथल्या हवेत. हितं आपल्या नगरच्या थंडीत न् धुळीत काय टिकतंय."

मेव्हणा एवढं शेवटचं वाक्य बोलला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं. साडूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "का नाही टिकणार? त्याचं जेवढं आयुष्य असेल तेवढं तो इथं पुरं करील. मी सांगतो ना." मेव्हणा आठ दिवसांनी येणार होता तो मुंबईला दुसरी नोकरी धरून मोकळा झाला. आणि उंदीरसायेबांच्या घरात उंदीर राहिला.

त्याला ठेवायचं कुठं, तर दूधदुभतं ठेवायच्या जाळीच्या कपाटात. दुष्काळात दूध नव्हतंच, कपाट रिकामं होतं. पण आक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीला, ते फार लागलं. लग्नात माहेरून आलेलं कपाट ते. ती म्हणाली, "लोकांकडं दारात टँकर येईना, आन् आमच्यात दुधाच्या कपाटात उंदीर नांदतोय. कुनाला तोंड दाखवू मी?" साडूंनी वखारीतून लाकडाचा भुसा आणला, जुन्या गादीतला कापूस पिंजून घातला. मेव्हणा म्हणाला होता की याला पळायला चाक लागतं. तेव्हा त्यांनी सायकलच्या चाकाची तार आणि डब्याचं झाकण यांचं एक चाक बनवलं. ते कुरकुरू लागलं. सायकलचं तेल घालावं तर पोटात गेलं तर काय घ्या, म्हणून रेशनच्या गोडेतेलाचे थेंब त्या चाकाला जाऊ लागले. आक्काची फोडणी कोरडी होत चालली.

खाण्यापिण्याचा तर आणखीच ताप. त्याला पहिल्यांदा मिलोच घातली. त्यानं एक दाणा उचलला, फिरवून पाहिला आणि टाकून दिला. साडू खूश झाले. "बघा, कळतं की नाही त्याला?" त्या दिवसापासून घरातली उरलीसुरली पांढरी ज्वारी त्याची आणि मिलोची भाकरी साडूंची. मी म्हटलं, "अहो, हे उलटं झालं." तर म्हणाले, "पाहुणे, मी सरकारी नोकर. सरकार देईल ते मला खाल्लं पाहिजे. त्याच्यावर काय बंधन आहे?"

मी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला.

एका रविवारी आम्ही नगरहून गेलो तर घरात सुतकी शांतता. साडू कपाटासमोर पाटावर बसलेले. त्या जिवाचे दोन्ही गाल टम्म सुजलेले, मान वळवता येईना. मी हबकलोच. आक्का स्वयंपाकघरातून नुसतं डोकावली आणि म्हणाली, "गालगुंड झालंय त्याला. गेरूचा लेप लावा." आणि तो लेप तिनंच उगाळून दिला. साडूंनी काडीला कापूस गुंडाळून त्याच्या गालांना तांबडा गेरू फासला. तो बिचारा थोडा वेळ तसाच लग्नाला निघाल्यासारखा बसून राहिला. मग त्यानं पुढच्या पायांनी गाल दाबले आणि तोंडातून ज्वारीचे दाणे काढून कापसात एक-एक रचायला सुरुवात केली. कितीतरी निघाले. शेवटी हरभऱ्याची डाळही निघाली. गालात पिशव्या होत्या त्याच्या. साठवून ठेवायची त्याची रीत होती ती. मी पोट धरून हसलो. साडू हसले नाहीत. ते म्हणाले, "इतकी वर्षं उंदरांत काढली मी. पण मेलेलेच पाहिले. जिवंतपणी ते काय करतात, ते बघायला कधी बसलोच नाही."

तरी अजून तो त्यांच्या हाताला यायचा नाही. हात आत गेला की कापसात दडी मारायचा. साडूंनी तेही मनावर घेतलं. त्यांना विश्वास कमवायची एकच पद्धत ठाऊक होती, ती त्यांनी लावली. शिमग्याच्या जोडून सुट्ट्या होत्या, आम्ही मुक्कामाला होतो, म्हणून हे मी सगळं डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या दिवशी त्यांनी दाणे ठेवले आणि लांब जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दाणे ठेवले आणि हात दारातच राहू दिला. तिसऱ्या दिवशी दाणे तळहातावर घेतले. तो आला. मिशा हलवत बोटं हुंगली, मग चारी पायांनी हातावर चढला, मधोमध बसला आणि दाणा हातात धरून खाऊ लागला. साडूंनी दुसऱ्या हातानं चष्मा काढला. मला वाटलं, आता आनंदानं हसतील. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाहुणे, तिसऱ्या दिवशी हे असे येतात."

त्यानंतर त्यांचं वागणं बदललं. उंदीरमोहिमेवरून आले की ते सायकल बाहेर लावत, कपडे बाहेर काढत, राखेनं कोपरापर्यंत हात घासत आणि मगच कपाटापाशी जात. औषधाचा वाससुद्धा त्याच्यापर्यंत पोचता कामा नये. घरात पाण्याचे दोन हंडे आणि त्यातला अर्धा यांच्या हातांना. आक्का भांडून थकली. गावातलं भाषणही बिघडलं. पहिला दिवस सांगायचे, दुसरा दिवस सांगायचे, आणि टाळीच्या जागेला आले की घसा खाकरून बरोबरच्या माणसाला म्हणायचे, "पुढचं तुम्ही सांगा, मी जरा पाणी पिऊन येतो."

पुढच्या पौषात आम्ही भोगीला राहुरीला गेलो. थंडी अशी की सकाळी बोटं वाकत नव्हती. आक्कानं नेवाशाहून, माहेरून, थोडी बाजरी आणली होती आणि तीळ लावून भाकरी थापत होती. साडू आदल्याच संध्याकाळी मोहिमेवरून आले होते. त्यांनी कपाटाची कडी काढली आणि तिथंच खाली बसले. मी जवळ गेलो. तो कापसात मुटकुळं करून पडला होता. थंडगार, कडक, डोळे मिटलेले. छाती हलत नव्हती.

"काल टँकर आला नाही," साडू म्हणाले. "एका तांब्यात हात धुतले मी. एकाच तांब्यात. आणि तसाच दाणा दिला."

मी म्हटलं, "भाऊसाहेब, वय झालं असेल त्याचं."

"वय नाही. माझे हात." त्यांनी हात पुढे धरून पाहिले, आणि कुणा दुसऱ्याचे असावेत तसे मांडीवर ठेवून दिले. मग ते उठले, खुरपं घेतलं आणि अंगणातल्या शेवग्याखाली जाऊन खणायला लागले. त्यांना मी तोवर कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. ज्या माणसापुढे एसटी महामंडळानं हात टेकले, तो एवढ्याशा जिवापुढे खचून गेला होता.

आक्का चुलीपुढून उठली. तिनं आजवर त्याला बोट लावलं नव्हतं. तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, कापसासकट त्याला उचललं आणि चुलीच्या कडेला, उबेला घेऊन बसली.

साडू दारातून म्हणाले, "अगं, गेलाय तो. खड्डा झाला."

"ऱ्हाऊ द्या खड्डा," ती म्हणाली. "खड्डा काय पळून जातोय व्हय? आखडलंय ते गारठ्यानं. आमच्याकडं करडं आखडत्यात अशी."

ओंजळ बंद करून ती बसून राहिली. मधूनमधून आत तोंडानं वाफ घालत होती. तव्यावरची भाकरी करपली, तीळ जळाल्याचा वास घरभर झाला. दुष्काळातली, माहेरची बाजरी. पण तिनं मान वळवून बघितलं नाही. साडू खुरपं हातात धरून उंबऱ्यात उभे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग आक्काच्या बोटांतून एक मिशी हलली. मग नाक आलं. मग त्यानं लांबलचक जांभई दिली, पिवळे दात दाखवले आणि जळक्या तिळाच्या वासाकडे बघू लागला. पुढे कळलं की गारठा फार झाला की ही जात अशी मेल्यागत झोपते. आम्हाला त्या सकाळी कुठलं ठाऊक?

"भाकरी करपली तुमच्यापायी," आक्का म्हणाली आणि त्याला साडूंच्या हातात दिलं. साडूंनी हात मागे घेतले. तिनं ते हात ओढले आणि तो त्यांत ठेवला. "धुतलेलं हायत," ती म्हणाली.

संक्रांत झाल्यावर साडूंनी आपल्या साहेबांकडे जाऊन उंदरांचं काम बदलून मागितलं. साहेब हसले. साडू दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. एसटीच्या ड्रायव्हरची गोष्ट साहेबांना कुणी सांगितली नसावी, नाहीतर त्यांनी एवढे महिने फुकट घालवले नसते. अखेर साडूंना कंपोस्ट खताच्या खड्ड्यांवर घेतलं. तिथंही ते फार जोरात भाषण करायचे, पण त्यात कुणी मरत नव्हतं.

तो जीव त्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेला. या वेळी आक्कानं सकाळपासून दुपारपर्यंत चुलीपाशी ऊब दिली, मग गेलं म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. शेवग्याखालचा तो खड्डा साडूंनी बुजवला नव्हता. त्याचं जेवढं आयुष्य होतं तेवढं त्यानं पुरं केलं होतं. साडू एवढंच म्हणाले, "मेव्हण्याला कळवा."

परवा-परवापर्यंत मी त्यांच्याकडे जायचो. दोघंही थकले होते. शेवटच्या खेपेला, दिवाळीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोठा गावठी उंदीर आला होता आणि आक्का वैतागली होती. कोपऱ्यात बशीत ज्वारीचा भरडा ठेवलेला दिसला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, जुनं काम विसरले नाहीत. मी विचारलं, "आक्का, कितवा दिवस?"

आक्का बशीत आणखी थोडा भरडा घालत म्हणाली, "ह्यांचा दुसराच चाललाय. पोळ्यापासनं."