आपले किती?

देवाशपथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे बहुतेक. एक जागा मी रचलेली आहे, ती कुठली ते शेवटी सांगेन. तोवर सगळं खरं धरून चाला, नाहीतर मजा जाईल.

दर शनिवारी सकाळी टोरांटोच्या एटोबिकोत आम्ही तिघं कॉफीला बसतो. नागपूरचा विलास, रिटायर्ड डॉक्टर सरंजामेकाका आणि मी. पूर्वी गप्पा विंटर टायर आणि गुडघे एवढ्यावरच चालायच्या. मग एकेक करून तिघांनाही ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटल्याचा निवाडा करायला साध्या नागरिकांना बोलावतात त्याचं, समन्स आलं आणि टेबलावर कोर्टाच्या किश्शांचा बर्फासारखा ढीग साचला. फावड्याने शोव्हल करावा तितका परत पडतोच!

अडचण एकच. ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगणं इथे गुन्हा आहे. मला गप्प बसवणं बायकोला पंचवीस वर्षांत जमलं नाही, ते कॅनडाने एका कलमात करून दाखवलं. तेव्हा मी फक्त त्या दारापर्यंतचंच सांगणार.

*

माझं समन्स आलं तेव्हा आई साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर होती. कोर्टाचा कागद म्हटल्यावर तिचा चेहराच उतरला.

"अरे, शहाण्या माणसाने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात!"

"म्हणून तर त्यांनी यांना बोलावलंय," मागून नीलिमा म्हणाली. नीलिमा म्हणजे माझी बायको.

आई लगेच निर्धास्त झाली. मला ते जास्त लागलं.

*

विलासला ज्युरीत बसायचं नव्हतं. ऑफिसात सॉफ्टवेअरचा रिलीज तोंडावर होता. कुणीतरी त्याला सांगितलं, "मनात भेदभाव आहे म्हणालास की सोडतात."

गडी उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "युवर ऑनर, आय ॲम प्रेज्युडिस्ड."

जजबाईंनी चष्मा काढला. "कुणाबद्दल?"

काळे, गोरे, चिनी, कुणाचंही नाव घ्यायची त्याची हिंमत होईना. सगळं कोर्ट त्याच्याकडे बघतंय! शेवटी जे मनात होतं तेच तोंडात आलं.

"पुण्याच्या लोकांबद्दल."

जजबाईंनी दोन्ही वकिलांना विचारलं, "या खटल्यात कुणी पुण्याचं आहे का?" दोघांनी माना हलवल्या.

"मग तुम्ही अगदी योग्य आहात," म्हणाल्या.

खटला संपेपर्यंत विलास तिथेच! "पुणेकरांनी तिथेही नडवलं बे मले," असं तो अजून म्हणतो.

*

सरंजामेकाका एकोणीसशे सत्तरच्या आसपास इथे आले. जन्मभर प्रॅक्टिस, आणि इथे डॉक्टरांना ज्युरीत घेत नाहीत. रिटायर झाल्यावर समन्स आलं तर काका सूट-टाय घालून, मुंजीला निघाल्यासारखे गेले.

दारात एक तरुण ऑफिसर धावत आला. "बरं झालं आलात! केव्हापासून वाट बघतोय. या, या!"

काका खूश. थेट कोर्टरूममध्ये, एका पंजाबी म्हाताऱ्याशेजारी खुर्ची मिळाली. ज्युरीची एवढी बडदास्त! मग जज म्हणाले, "आता दुभाषे शपथ घेतील," आणि सगळे काकांकडे बघायला लागले.

काकांनी समन्स काढून दाखवलं. ऑफिसर लालबुंद. "सॉरी, सॉरी, आय ॲम सो सॉरी!"

"मग काय केलंत काका?" आम्ही विचारलं.

"काय करणार? त्याची माफी मागून झाली, पण तो म्हातारा माझा हात सोडेना!"

*

आता मी. ज्युरीसाठी बोलावलेल्यांचा भलामोठा हॉल. बसल्याबसल्या आपला माणूस जे पहिलं करतो ते केलं. आपले किती, ते मोजले. विलासचा मेसेज आलाच होता, "आपले किती?"

"एक."

"कोण बे?"

"मी."

एक फार कमी वाटतं. मग मी 'आपले' जरा सैल केले. मराठी नाही तर इंडियन. एक गुजराती जोडपं मिळालं. मग म्हटलं, ब्राउन दिसेल तो आपला. शेजारच्या बाईंना प्रेमाने विचारलं, "आप कहाँ से?"

"गयाना," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या घरात पणजीनंतर हिंदी कुणी बोललेलं नाही. तुम्हाला दुसरं कुणी सापडलं नाही का?"

घरी येऊन हे सईला, माझ्या मुलीला, सांगितलं. ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, दॅट्स लिटरली प्रोफाइलिंग."

*

दुसऱ्या दिवशी ज्युरी निवडताना कोर्टात प्रत्येकाला एक प्रश्न विचारणार होते, म्हणून रात्री जेवताना रंगीत तालीम. नीलिमा जज.

"आरोपी काळा आहे. त्यामुळे तुमच्या निर्णयावर परिणाम होईल का?"

"छे! आपल्यात नाही तसलं काही."

"पुतण्याच्या स्थळाच्या प्रोफाइलमध्ये 'गोरी' कुणी टाइप केलं?"

"ते वहिनीने सांगितलं म्हणून!"

"आणि आधी 'खूप'?"

जिन्यावरून सई ओरडली, "गिल्टी!"

*

कोर्टरूम. आरोपी माझ्या पुतण्याएवढा असेल. नवा पांढरा शर्ट, पाकिटातल्या घड्या अजून तशाच. मागच्या बाकावर त्याची आई, पर्स मांडीवर घट्ट धरून. आम्ही रांगेने आत आलो तशी त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून सरकायला लागली. तो काय करतोय ते मला ताबडतोब कळलं. मीही कालच केलं होतं. तो आपले मोजत होता.

पहिली रांग संपली. दुसरी संपली. तिसऱ्या रांगेत तो माझ्यापाशी आला आणि थांबला. बिचाऱ्याने 'आपले' पार माझ्यापर्यंत सैल केले होते!

माझा नंबर पुकारला. तोच प्रश्न. मी अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल असं म्हणालो, "नो!"

मग क्लार्कने मोठ्याने म्हटलं, "ज्युरर, आरोपीकडे बघा. आरोपी, ज्युररकडे बघा." खोटं नाही, इथे असं म्हणतात! मला तर मंगलाष्टकं संपून अंतरपाट दूर झाल्यासारखं वाटलं. त्याने बघितलं. मीही सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, आणि मान किंचित हलवली.

मला घेतलं. पुढे ते दार आलं, म्हणजे मी गप्प.

हां, रचलेली जागा सांगायची राहिली. विलासचं पुणं खरं. काकांचा पंजाबी खरा. ते 'खूप'सुद्धा, दुर्दैवाने, खरं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं, ते खोटं. तो बघत होता. मी त्याच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत होतो.