भुत्याचं झाड आणि डिंकवाली बाई

गेल्या उन्हाळ्यात एक तरुण लेखिका माझ्याकडे आली. मुलांसाठी ती जादूच्या झाडांच्या गोष्टी लिहीत होती आणि प्रत्येक गोष्टीमागचं खरं झाड तिला बघायचं होतं. भोकरदनकडच्या डोंगरातल्या 'भुत्या'बद्दल तिनं ऐकलं होतं. तिथं मी वर्षानुवर्षं वनरक्षक होतो, म्हणून लोकांनी तिला माझं घर दाखवलं. मी चहा दिला आणि गावात सांगतात तीच गोष्ट सांगितली. झाडाला खाच पडली की ते रडतं, आणि एक चेटकीण त्याची आसवं विकायची. ती लिहून घेत होती. मी तिला थांबवलं नाही.

महिन्याभरानं तिनं फोनवर चित्र पाठवलं. पांढऱ्या झाडाखाली कुऱ्हाड घेतलेली चेटकीण, आणि तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता. ते मी सांगितलं नव्हतं. गावातल्या कुणीतरी सांगितलं असणार.

आता खरं लिहितो.

ते झाड म्हणजे कांडोळ. खोड पांढरं, साल कागदासारखी सुटणारी. उन्हाळ्यात अंगावर पान राहत नाही आणि उघड्या खडकावर लांबून ते उभ्या माणसासारखं दिसतं, म्हणून गावात त्याला भुत्या म्हणतात. खाच घातली की डिंक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. भुताचं त्यात काही नाही. मात्र खाचा खोल गेल्या तर झाड मरतं, आणि माझ्या हद्दीतली झाडं डिंकासाठी मरत होती. रोज डोंगर चढायचा मला कंटाळा होता. एकदा पारावर बसून मी थाप मारली, "वरच्या भुत्याला कुणीतरी कुऱ्हाड लावली राव. सकाळी गेलो तर झाड हुंदके देऊन राह्यलं."

पंधरा दिवसांत हुंदके ऐकलेली चार माणसं निघाली. झाडाखाली लिंबं आणि नारळ दिसू लागले. कुऱ्हाडी थांबल्या. वरच्या साहेबांनी माझं कौतुक केलं.

एक बाई तेवढी भ्याली नाही. विधवा होती, लहान मुलीला घेऊन गावाबाहेर राहायची, डिंक गोळा करून जालन्याला विकायची. तिची खाच उथळ असे आणि एका वर्षी खाचलेल्या झाडाला ती पुढच्या वर्षी हात लावत नसे. तिचं एकही झाड मेलेलं मी पाहिलं नाही, म्हणून मी तिला अडवत नव्हतो.

"गार्डभाऊ, झाड रडतंय म्हणं?" एकदा तिनं विचारलं. "माझ्यापाशी तर कधी न्हाई रडलं. तुम्हालाच पाहून रडत असंल." आम्ही दोघंही हसलो.

पुढच्या वैशाखात एका मोठ्या घरची नवी सून डोंगरावरून कांडोळाची तांबडी फळं ओटीत भरून घेऊन आली. बिया भाजून खायच्या होत्या. दुपारपर्यंत तिचे हात, मान, पोट लाल चट्ट्यांनी भरलं आणि ती किंचाळायला लागली. वाड्यापुढे गर्दी जमली. झाडाचं मला कळतं म्हणून मला बोलावलं.

या फळावर मखमलीसारखी लव असते. ती लव म्हणजे बारीक काटे, ते कातडीत घुसतात. सुनेच्या पदराला ती लव चिकटलेली मी डोळ्यांनी पाहिली. लुगडं बदला, तेल चोळा, एवढंच सांगायचं होतं.

सासरा म्हणाला, "गार्डसाहेब, तुम्हीच सांगा. झाडाचंच हाय का हे?"

खरं सांगितलं असतं तर हुंदक्यांचीही थाप उघडी पडली असती. गाव मला हसलं असतं आणि कुऱ्हाडी पुन्हा चालल्या असत्या. मी म्हणालो, "झाडाला कुणी दुखवलं असंल तर सांगता येत न्हाई."

"दुखवतंय कोण? ती डिंकवालीच की!" मागून कुणीतरी ओरडलं. "भानामती केली रांडेनं!"

तिला पारावर ओढत आणलं. दोघींनी हात धरले आणि एका माणसानं मेंढरं कातरायच्या कातरीनं तिचे केस कापले. कानाजवळून रक्त येत होतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "गार्डभाऊ, सांगा की यांना. तुम्हाला सगळं ठावं हाय."

मी खाली बघत राहिलो.

दिवस मावळायच्या आत ती मुलीला घेऊन गाव सोडून गेली. मागे तिचं छप्पर पेटवून दिलं. सून तीन दिवसांत बरी झाली, तर तोही पुरावाच ठरला.

चित्र पाहिल्यावर मी जालन्याला गेलो आणि विचारत विचारत मस्तगड भागात डिंकवालीच्या मुलीचं घर शोधलं. ती शिवणकाम करते. मी कोण ते सांगितल्यावर तिनं मशीन थांबवलं, पण बस म्हणाली नाही. आई अंकुशनगरकडे ऊसतोडीला होती, आठ वर्षांमागं वारली. "मरेपर्यंत डोक्यावरचा पदर खाली पडू दिला न्हाई मायनं. झोपेत बी."

मी म्हणालो, "पुस्तकातली चेटकीण काढायला लावतो. तुमची आई किती चांगली होती ते लिहायला सांगतो."

"तुम्ही म्हणाल तव्हा ती चेटकीण, आन् तुम्ही म्हणाल तव्हा चांगली? बिलकुल न्हाई. माझ्या मायला चांगलं म्हणायला तुम्ही कोण? तुम्ही काय केलं ते लिव्हा. आन् त्याच पारावर वाचा. मंग द्या कुणाला द्यायचं ते."

लेखिकेला मी पुस्तक थांबवायला सांगितलं. गेल्या रविवारी गावात जाऊन पारावर हे सगळं वाचलं. पंधरा-वीस माणसं होती, निम्मी त्या वेळी जन्मलीही नव्हती. एकानं विचारलं, "मंग आता नारळ वाहायचा का न्हाई झाडाला?" काही जण हसले.

ती सून आता म्हातारी झाली आहे. ती पाराच्या कडेला येऊन बसली होती. सगळे गेल्यावर म्हणाली, "मला बी ठावं होतं की ती लव हाय. माहेरी आम्ही फळं राखेत चोळून घ्यायचो, त्या दिवशी तशीच ओटीत घेतली. पण मी नवी नवरी. मला कुणी विचारलंच न्हाई."

मला विचारलं होतं.