एका रेघेसाठी

आमच्या प्रयोगशाळेत दोन गोष्टी साठायच्या: न धुतलेल्या काचेच्या नळ्या आणि किस्से. नळ्या निदान उन्हाळ्याच्या सुट्टीत धुतल्या जायच्या. किस्से तसेच राहिले, आणि आता जुनी मंडळी भेटली की कुणीतरी म्हणतंच, "तो हवालदारांचा सांग की!" तर सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सांगलीत विश्रामबागेतलं कॉलेज, वरच्या मजल्यावर एक खोली. माणसं तीन. आमचे सर, त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी म्हणजे मी, आणि लष्करातून निवृत्त होऊन आलेले शिपाई, ज्यांना प्राचार्यांपासून सगळे हवालदार म्हणत. काम एकच. माणसाच्या पेशीतलं एक प्रोटीन वेगळं काढायचं, अगदी शुद्ध. तपासणीच्या फोटोत प्रत्येक प्रोटीनची वेगळी रेघ उमटते; शुद्ध झालं की एकच दिसते. आमच्या फोटोत रेघांची जत्रा भरलेली असे. सर त्या वर्षाअखेर रिटायर होणार होते आणि त्याआधी त्यांना ती एकटी रेघ बघायची होती. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

* * *

हवालदारांनी एकदा विचारलं, "सर, ह्या प्रोटीनचं काम तरी काय?"

सरांनी सुतळी घेतली. "पेशीत डीएनएचा लांबलचक दोर असतो. एका पेशीच्या दोन होताना त्याला पीळ पडतो. हे प्रोटीन दोर कापतं, पीळ सोडवतं, परत जोडतं. कापल्यावर जोडायच्या आत औषधानं त्याला धरून ठेवलं, की दोर तुटका राहतो आणि पेशी मरते. कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्या आधी मरतात."

हवालदार विचारात पडले. "म्हंजी जो गडी गुता सोडवतोय, त्यालाच धरायचं?"

"हो."

"त्येचा गुन्हा काय?"

"काही नाही. त्याच्यावाचून काम अडतं, म्हणून त्याला धरायचं."

"आपल्या हापिसात बी आसंच हाय," असं म्हणून हवालदार चहा आणायला गेले.

* * *

प्रोटीन ज्यापासून काढायचं ती वस्तू म्हणजे वार. बाळंतपणात बाळाच्या मागून पडते ती. कऱ्हाडजवळ मलकापुरात एक प्रसूतिगृह होतं, तिथल्या सिस्टर आम्हाला बर्फात घालून द्यायच्या. मी डबा मांडीवर घेऊन एसटीनं सांगलीला यायचो.

एकदा कंडक्टरनं हटकलं, "डब्यात काय हाय? मासळी आसंल तर टपावर ठेवायची."

मला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. म्हटलं, "माणसाची वार आहे. संशोधनाला."

शेजारचा माणूस उठून मागं गेला. कंडक्टरनं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि शांतपणे विचारलं, "मग आर्धं तिकीट फाडू का?"

* * *

ज्या औषधानं हे प्रोटीन धरायचं, ते नरक्या नावाच्या झाडात असतं. झाड आपल्याच सह्याद्रीतलं, पाटणच्या वरच्या रानात मिळायचं. वास नावाला शोभेल असा! सरांनी साली आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर वाळत घातल्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका नाकाला रुमाल लावून आले.

"सर, वर काही मेलंय का हो?"

सर म्हणाले, "अजून नाही. प्रयत्न चालू आहेत."

* * *

प्रोटीनला उष्णता चालत नाही. वीज गेली की हवालदार बर्फाच्या कारखान्यातून सायकलवर लादी आणून फ्रीजमध्ये रचायचे आणि दारासमोर स्टूल टाकून बसायचे. काश्मीरमध्ये पहारा केलेला माणूस. एकदा प्राचार्य स्वतः श्रीखंडाचा डबा घेऊन आले. म्हणाले, "तासभर आत ठेवा."

हवालदार उठून उभे राहिले. "न्हाई जमायचं साहेब. आत माणूस हाय."

त्यानंतर आमच्या फ्रीजला कुणी हात लावला नाही.

* * *

सरांच्या शेवटच्या महिन्यात एक वार अशी मिळाली की सगळं सुरळीत पार पडलं. नखाएवढ्या नळीत चार थेंब उरले. फोटो दुसऱ्या दिवशी काढायचा होता. पुन्हा सुरुवात करायला वेळ नव्हता.

त्याच दुपारी एक आजी जिना चढून आल्या. मलकापूरकडच्या. सिस्टरना बोलतं करून पत्ता काढला होता.

"आमची वार कुटं हाय?"

आम्ही परवानगी बाळाच्या बापाची घेतली होती. बापाच्या आईची घ्यायची राहिली होती.

"नात सारखी रडतीया. वार परड्यात पुरायची आसती. ती पुरल्याबिगर लेकराला थारा न्हाई. द्या आमची आमाला."

सरांनी फ्रीजमधून नळी काढली. "आजी, वार आता राहिली नाही. जे उरलंय ते एवढंच."

"आवं, पानी हाय ह्ये! ह्येचं करता काय?"

"कॅन्सरचं औषध कसं लागू पडतं, ते बघायचं."

आजी हवालदारांच्या स्टुलावर बसल्या. "आमचं मालक त्यातच गेलं. गळ्यात गाठ. शेवटाला पानी बी उतरंना."

मग सरांनी नळी त्यांच्यापुढं धरली. "घेऊन जा. तुमचं आहे."

सरांचा इतका राग मला कधी आला नव्हता, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता.

आजींनी नळी घेतली नाही. "ही ऱ्हाती कुटं?"

"फ्रीजमध्ये."

"मग हितंच पुरूया."

हवालदार खाली जाऊन कॉलेजच्या बागेतली ओंजळभर माती घेऊन आले. आजींनी नळी डबीत ठेवली, डबी बर्फात, वर पिशवीत बांधलेली माती. हात जोडले. सरांनीही जोडले.

"पुरली," आजी म्हणाल्या. "आता लागंल तवा उकरा."

दुसऱ्या दिवशी उकरली. फोटोत एकच रेघ आली. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा बघितलं, पुन्हा पुसला.

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सर फोटो घेऊन एसटीनं मलकापूरला गेले. मी आणि हवालदार बरोबर. आजी सोप्यात नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पोर गाढ झोपलेली. सरांनी फोटो हातात दिला आणि रेघ दाखवली.

"ही आमची व्हय?"

"तुमची."

आजींनी फोटो उजेडाला धरला. नातीकडं बघितलं. पुन्हा रेघेकडं, बराच वेळ.

"आज्यावर गेलीया," त्या म्हणाल्या.