पातेल्याला फुटलेले चार कान

कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणत. तीस वर्षं ते एकाच प्रेसवर होते. पत्र्याची गोल चकती साच्यावर ठेवायची, दांडा ओढायचा, की धाडकन पातेलं तयार. मामा प्रेसशी भरभरून बोलत. माणसांच्या वाट्याला जेमतेम "बरं" येई.

मग नवा पत्रा आला आणि पातेल्यांना कान फुटले. काठ चार ठिकाणी वर, मध्ये खाली.

नवे साहेब धावत आले. पातेलं सोडून त्यांनी मामांनाच निरखलं.

"मामा, तुमचा डावा खांदा उतरलाय. चकती वाकडी बसते ती त्यामुळेच. उजव्या खिशात दोन किलोचं वजन ठेवा. शनिवारपर्यंत कान गेले नाहीत, तर सोमवारपासून पॅकिंगला!"

मामांनी प्रेसकडे पाहिलं. पॅकिंगमध्ये खोक्यांशी काय बोलणार?

दोन दिवस ते एका हाताने पॅन्ट सावरत वावरले. कान तसेच. शुक्रवारी खिसा फाटला आणि वजन अंगठ्यावर पडलं.

मामी घरी शिवणकाम करत. फाटका खिसा शिवायला घेत त्या म्हणाल्या, "अहो, खिशात वजन? डोकं ठिकाणावर आहे ना?"

मामांनी सगळं सांगितलं. मामींनी कापडाचा तुकडा घेतला. "हे बघा. उभं ओढलं, ताणलं जात नाही. आडवंही नाही. उरेब, म्हणजे तिरकं ओढलं की कसं लांबतं! तुमच्या पत्र्यालाही उभं-आडवं असेल."

"पत्रा काय मागावर विणतात?"

"मग कसा करतात?"

"रुळांतून लाटतात. एकाच दिशे..." मामा तोंड उघडं ठेवून थांबले.

शनिवारी त्यांनी चकत्यांवर लाटण्याच्या रेघांच्या दिशेने खिळ्याने बाण कोरले. पहिली चकती बाण दाराकडे करून दाबली. दुसरीचा बाण दार आणि खिडकीमधल्या कोपऱ्याकडे.

"साहेब, खांद्याचा दोष असेल तर कान जागेवर राहतील. पत्र्याचा असेल तर बाणाबरोबर फिरतील."

कान फिरले होते.

"सरका, मी करतो," साहेब म्हणाले. त्यांच्या पातेल्यालाही बाणाच्या हिशेबाने चार कान आले. साहेबांनी हळूच आपला डावा खांदा चाचपला.

"आता काय करायचं?"

"चकती जरा मोठी कापू. वरचा काठ छाटून टाकू."

"ठीक. सोमवारी प्रेसवरच या."

साहेबांचं मन बदलायच्या आत मामांनी मोठ्या चकत्या कापून घेऊन सगळ्या दाबून टाकल्या. जेवणाची सुट्टी होऊन गेली, हे त्यांना घरी मामींनी तसाच भरलेला डबा उघडल्यावर कळलं.