ओढ्यात खाल्लेला मार

एकोणीस मे. दुपार कलली होती. हातातलं काम – घरगाडीचं मागचं फुटलेलं चाक काढून स्टेपनी चढवणं.

तारीख आणि काम आधीच लिहिलं, म्हणजे पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की बाईला नीट आठवत नसेल. मला सगळं नीट आठवतंय, तोच तर त्रास आहे.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं मोटारीच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वडिलांच्या मागे मीच चालवते. बाहेरचं लागलं, अंगात आलं अशा गप्पा काउंटरवर सुरू झाल्या की मी सरळ पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारते. पायरीवर कुणी उतरवलेलं लिंबू ठेवलं तर उचलून कचऱ्यात टाकते आणि हात धुऊन चहा पिते. अजूनही तेच करते. तेव्हा हे मी कुणाला पटवायला लिहीत नाही. फक्त झालं ते सांगते.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर जुनी बारा सीटची गाडी घेतली आणि वर्षभर खपून तिची घरगाडी केली. आत पलंग, शेगडी, छोटं बेसिन, छताला उघडणारी काच. काम संपत आलं आणि यांना झटका आला. स्टेंट बसवून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं – पळायचं नाही, जड उचलायचं नाही, संतापायचं तर अजिबात नाही. तेव्हापासून वाटणी ठरली. पडदे यांनी शिवायचे, चाकं मी काढायची.

कोल्हापूरची ही पहिलीच सहल. जाताना फॅन बेल्ट तुटला, तो मी बदलला. परत येताना अवकाळीनं गाठलं आणि छताची काच गळायला लागली... पलंगावर पातेली मांडून झोपलो. आणि सांगोला सोडून मंगळवेढ्याकडे आतल्या रस्त्यानं येत होतो, तेव्हा टायर फुटलं.

रस्ता अरुंद, कडेला उतार. तिथे जॅक लावणं म्हणजे गाडी अंगावर घेणं. पुढेच एक फरशी पूल होता. त्याच्या शेजारून ओढ्यात उतरायला गाडीवाट, खाली कडक, सपाट मुरूम आणि बाभळीची सावली. "उतरव खाली," हे म्हणाले आणि मी उतरवली. हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडच्या माणसाला ओढा म्हणजे रस्ताच वाटतो. ओढ्यातून बैलगाड्या जातात, ओढ्यात बाजार भरतो, लग्नाचे मांडव पडतात. पाणी तिथे असतं हे आम्ही विसरूनच गेलेलो असतो.

चाक काढलं, आणि आभाळ फिरलं. पश्चिमेकडून काळंपिवळं काहीतरी उठलं, वाऱ्यानं मुरूम उडून डोळ्यात गेला, आणि गारा सुरू झाल्या. बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. जॅकवरच्या गाडीत बसायचं नसतं हे मी रोज लोकांना सांगते. पण काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवलं होतं, म्हणून आत शिरलो. छताची काच फुटली. बाभळीची फांदी मोडून बॉनेटवर आदळली. बोललेलं ऐकू येत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या दारावर आवाज. फट्... फट्... गारांचा नाही. गारा वरून पडतात, हा दाराच्या खालच्या अंगाला, आडवा, मध्ये थांबून थांबून. आणि त्याबरोबर जीभ टाळूला लावून मेंढ्या हाकतात तसं चक्-चक्-चक्.

"धनगर असेल कुणी, भिजतोय बिचारा," म्हणत यांनी दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. आणि यांच्या मनगटावर फटका बसला. मी पाहिला. म्हणजे फटका पाहिला, मारणारा नाही. हात झटकन खाली गेला, दुसरा फटका गुडघ्यामागे, आणि हे तोंडावर बाहेर पडले.

मी व्हील पाना घेऊन उडी मारली. "कोण आहे रे? समोर ये!" पान्याचा दांडा गरकन फिरवला, तो कशालाच लागला नाही. माझ्या पाठीत मात्र अशी बसली की श्वासच अडकला. दुसरी कोपरावर, पाना हातातून गेला. तिसरी पोटरीवर.

"मंगल, आत चल!" हे उठून दाराकडे वळले. सण्ण करून दंडावर बसली. पुन्हा वळले, तर कानाखाली. शिव्या देत होते, माती हातात घेऊन फेकत होते – ज्या माणसाला संतापायचं नाही असं सांगितलंय तो! मला एकच दिसत होतं, की हा माणूस आता इथेच छाती धरून बसणार. मी यांच्या कमरेत हात घातला आणि ओढायला लागले. कुठे ओढत होते ते ठरवलं नव्हतं. डावीकडे गेलो की डावीकडून फटका, गाडीकडे वळलो की तोंडावर. एकाच बाजूला मार नव्हता – काठाच्या चढाकडे. चढायला लागलो तसं मागून पोटऱ्यांवर, हळू हळू... जनावर रेंगाळलं की मारतात तसं. आणि सतत ते चक्-चक्-चक्.

वर पोचलो आणि मार थांबला. मी यांना खाली बसवून खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. मान वळवली तेव्हा ओढ्यात पाणी आलेलं होतं. येत होतं असं नाही, आलेलं होतं! लालभडक, पुढे अख्खं झाड लोटत. गाडी जॅकवरून उचलली गेली, आडवी झाली, फरशी पुलावर आपटली आणि छत डब्याचं झाकण उघडावं तसं फाटलं. पलंग बाहेर आला. मग सगळंच पुलावरून पलीकडे गेलं. तिच्यात आम्ही असतो, तर...

काठावर जरा पलीकडे एक म्हातारा धनगर आणि त्याची बायको मेंढरं कोंडाळून बसले होते. काठी जमिनीत रोवून तिच्यावर घोंगडं टाकलेलं, आणि त्याखाली कोकरं. दोन-चार गारांनी मेलेली बाजूला पडली होती. काठी दिसली मात्र, हे उठले आणि म्हाताऱ्याची गचांडी धरली.

"का मारलंस? बोल, का मारलंस?"

"आरं, सोड की!" म्हातारा ओरडला. "मी हितनं हाललो तरी हाय का? मेंढरं टाकून कुटं जाऊ?"

म्हातारीनं यांचा हात हिसडून काढला. "मारलं आसतं तरी काय चुकलं आसतं? वड्यात गाडी लावत्यात व्हय कोन? वरडून वरडून घसा बसला माजा, वाऱ्यात कुटं ऐकू जातंय!"

मी विचारलं, "मावशी, आमच्या मागं कोण होतं?"

"कोन न्हवतं. तुमी दोगंच. अंगात आल्यागत हिकडं उडी, तिकडं उडी. मला वाटलं नवरा-बायकूचं भांडान लागलंय."

"इथं पूर्वी कुणी... तुमच्यातलं कुणी वाहून गेलं होतं का?" हा प्रश्न मी विचारला. मी!

म्हातारा गळपट्टी सारखी करत म्हणाला, "न्हाय बा. आमी लई वरसं हितनं जातूय. आमच्यातलं कोन वड्यात बसतच न्हाय, तर मरंल कशाला?"

एका ट्रकवाल्यानं आम्हाला मंगळवेढ्यात दवाखान्यात सोडलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी यांचा ईसीजी काढला, तो ठीक आला. मग माझी पाठ पाहिली, यांना बाहेर बसवलं आणि दार लावून मला हळूच म्हणाल्या, "ताई, घाबरू नका. हे मारतात का तुम्हाला?"

"त्यांचीही पाठ बघा," मी म्हटलं.

पाहिली. गारेचा मार गोल उठतो, खांद्यावर, डोक्यावर – तसे डाग आम्हा दोघांना होतेच. पण पाठीवर, पोटऱ्यांवर लांब वळ होते, मध्ये पांढरी पट्टी आणि दोन्ही कडांना लाल रेघ. "हे काठीचे आहेत," त्या म्हणाल्या. "गोल काठी. यात शंका नाही."

यानंतर मी डोकं लावून पाहिलंय. वाऱ्यानं फांद्या उडत होत्या, त्या लागल्या असतील? लागतील की. पण फांदी वळलेल्या माणसाला परत फिरवत नाही. भीतीनं भास झाला असेल? पाण्याची भीती आम्हाला तेव्हा नव्हतीच. पाणी येणार हेच माहीत नव्हतं. हे म्हणतात कुलदैवत. मी म्हणते, कुलदैवत कानाखाली मारत नाही. याहून पुढे आमची गाडी जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांना लॉजवर झोपवून मी रिक्षानं ओढ्यावर गेले. गाडीचा सांगाडा क्रेननं निघतो का ते बघायचं होतं. पाणी ओसरून खाली चिखल आणि डबकी उरली होती. आणि त्या डबक्यांत, आमच्याच जागेवर, एक टेम्पो उभा. ड्रायव्हर बादलीनं गाडी धूत होता. पश्चिमेला पुन्हा काळं भरून आलेलं.

मी काठावरून ओरडले, "बाहेर काढ टेम्पो!"

तो हसला. "काकू, पाणी काल यिऊन गेलं की. रोज रोज येतंय व्हय?"

मी खाली उतरले. वाहून आलेली बाभळीची एक फांदी उचलली, काटे पायानं मोडले आणि त्याच्या पोटरीवर एक घातली. तो बादली टाकून किंचाळला. दुसरी घातली. शिव्या देत स्टेअरिंगवर बसला आणि टेम्पो वर नेला. वर जाऊनही आईबहिणीवरून बोलत होता.

पाणी आलं नाही. दुपारपर्यंत मी फांदी घेऊन काठावर उभी होते, आणि खाली कुणाला उतरू दिलं नाही.